दर्शनी भिंतीच्या वादात हरवलेला डाव्हिड जिली

बर्लिनच्या मध्यभागी, श्प्रे नदीलगत, शिंकेलप्लाट्झ नावाचा चौक आहे. तिथे एका इमारतीचा नुसता एक कोपरा उभा आहे. लाल विटा, भाजलेल्या मातीची नक्षी, खिडक्यांच्या बसक्या कमानी, सगळं नीटस. पण कोपऱ्यामागे इमारतच नाही. या शतकाच्या सुरुवातीला बांधकाम शिकणाऱ्या उमेदवार मुलांनी तो नमुना म्हणून बांधला. वास्तुकार कार्ल फ्रीड्रिख शिंकेलने 1832 ते 1836 या काळात उभारलेली बाउअकादमी, म्हणजे बांधकामशास्त्राची उच्च शाळा, इथे होती. दुसऱ्या महायुद्धात तिची वाताहत झाली, नंतर दुरुस्तीला हातही लागला, पण पूर्व जर्मनीच्या सरकारने 1962 मध्ये ती जमीनदोस्त केली आणि त्या जागी परराष्ट्र मंत्रालय बांधलं. पुढे तेही पाडलं गेलं. 2016 मध्ये जर्मन संसदेने बाउअकादमी पुन्हा उभारण्यासाठी 6 कोटी 20 लाख युरो मंजूर केले, आणि तेव्हापासून पेटलेला वाद अजून शमलेला नाही.

वाद आहे दर्शनी भिंतीचा. एक बाजू म्हणते, शिंकेलची इमारत विटेला वीट जुळवून जशीच्या तशी उभी करा. दुसरी म्हणते, शिंकेल स्वतः काळाच्या पुढे होता, तेव्हा त्याच्या जागेवर आजची, हवामानाचं भान ठेवणारी नवी इमारत हवी. दोन्हीकडे जाणकार माणसं आहेत आणि दोघांचंही म्हणणं मनापासूनचं आहे. तरीही हा वाद वाचताना मला सारखं वाटतं, की दोन्ही बाजू चुकीच्या माणसाचं नाव घेऊन भांडताहेत. बाउअकादमी शिंकेलने स्थापन केलेली नाही. त्याने तिला घर दिलं. शाळा सुरू झाली 1799 मध्ये, त्या घराच्या तीसहून अधिक वर्षं आधी, आणि ती सुरू करणाऱ्यांत पुढे होता डाव्हिड जिली नावाचा एक सरकारी बांधकाम अधिकारी. त्याला काय हवं होतं हे नीट पाहिलं, तर आज तिथे काय उभं राहायला हवं याचं उत्तर आपोआप मिळतं.

जिली 1748 मध्ये ओडर नदीकाठच्या श्वेट गावी जन्मला. घराणं ह्युगेनॉट, म्हणजे धर्मछळामुळे फ्रान्स सोडून प्रशिया या जर्मन राज्याच्या आश्रयाला आलेल्या प्रोटेस्टंटांपैकी. मिसरूड फुटायच्या वयातच तो नेत्से नदीच्या पाणथळ जमिनीचा निचरा करण्याच्या कामावर लागला. सात वर्षांच्या युद्धाने प्रशिया खिळखिळा झाला होता. राजा फ्रीड्रिख द ग्रेटला दलदली उपसून तिथे शेतकरी वसवायचे होते, गावं उभी करायची होती. पैसा कमी, लाकूड कमी, आणि काम कळणारी माणसं त्याहून कमी. कालवे, बांध, पूल, कोठारं, मेंढवाडे, विटभट्ट्या यांचे आराखडे आणि अंदाजपत्रकं ज्याला जशी जमतील तशी बनत होती. खर्च फुगायचा, भिंती खचायच्या.

यावर उपाय म्हणून 1770 मध्ये बर्लिनमध्ये वरिष्ठ बांधकाम खातं स्थापन झालं. त्याच्याकडे दोन कामं होती. प्रांतांतून येणारी अंदाजपत्रकं तपासायची, आणि सरकारी बांधकामावर नेमायच्या माणसांची परीक्षा घ्यायची. या खात्यावर नेमलेल्यांत योहान हाइनरिख लाम्बेर्ट होता. पाय ही संख्या अपरिमेय आहे हे सिद्ध करणारा तोच हा गणिती. एवढा मोठा गणिती कोठारांच्या आणि बंधाऱ्यांच्या कागदांवर बसवावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या खात्याची परीक्षा जे सुरुवातीला उत्तीर्ण झाले त्यांतला एक बावीस वर्षांचा जिली. सरकारी बांधकामाचं पद वशिल्याने किंवा नुसत्या अनुभवाने मिळवायचं नाही, परीक्षा देऊन मिळवायचं, ही नवी वाट त्याने स्वतः चालून पाहिली होती. पुढे आयुष्यभर तो त्याच वाटेवर इतरांसाठी दगडगोटे वेचत राहिला.

पोमेरानिया प्रांतात तो आधी बांधकाम अधिकारी आणि मग बांधकाम संचालक झाला. बाल्टिक समुद्राकाठचा हा प्रांत वाळूचा, वाऱ्याचा, गरीब. तिथे काम करताना त्याच्या ध्यानात आलं, की परीक्षा घ्यायची व्यवस्था झाली, पण परीक्षेची तयारी करून घेणारं कुणीच नाही. 1783 मध्ये त्याने श्टेटीनमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या श्चेचिनमध्ये, स्वतःची खासगी बांधकामशाळा काढली. नोकरी सांभाळून. 1788 मध्ये बर्लिनला वरिष्ठ खात्यात बढती मिळाली, आणि 1793 मध्ये तिथेही त्याने शाळा सुरू केली. सरकारी अधिकाऱ्याने आपल्या हाताखाली येणाऱ्या माणसांना घडवायचं काम पदरचं समजून करावं, हे त्या काळी कुणी त्याला सांगितलं नव्हतं. 1799 मध्ये राजाने बाउअकादमीला मंजुरी दिली, ती या दोन शाळांतल्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर.

त्याच्या जोडीला योहान आल्बेर्ट आयटेलवाइन होता. हा मूळचा तोफखान्यातला जवान, पुढे बंधाऱ्यांचा निरीक्षक आणि पाण्याच्या शास्त्रातला मोठा जाणकार. दोघांनी मिळून जलबांधकामावर ग्रंथ लिहिला. जिलीने एकट्याने लिहिलेला ग्रंथ ग्रामीण बांधकामावरचा, 1797-98 मधला. तो कुणासाठी आहे हे शीर्षकातच लिहिलंय: सरकारी बांधकामात नव्याने येणाऱ्यांसाठी आणि शेतीचा कारभार पाहणाऱ्यांसाठी. पाया किती खोल घ्यावा, भिंत किती जाड, गोठ्यात हवा कशी खेळवावी, लाकूड कुठे वाचवता येतं, असले प्रश्न त्याने मांडून सोडवले. त्याच काळात बांधकामविषयक उपयुक्त लेखांचं आणि वार्तांचं नियतकालिकही त्याने चालवलं. जर्मन भाषेतलं या विषयाचं ते अगदी सुरुवातीचं नियतकालिक. 1806 पर्यंत ते निघत राहिलं, आणि त्यात खात्यात काम करणारी माणसं आपले अनुभव लिहीत. सरकारी कचेरीतलं ज्ञान फायलीत कुजू न देता छापून बाजारात आणायचं, हा त्याचा ध्यास होता.

त्याच्या कामाचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. छपराला लागतात लांब आणि जाड तुळया. त्या मिळायला जुनी, उंच झाडं हवीत, आणि प्रशियाच्या जंगलांत ती झपाट्याने कमी होत होती. सोळाव्या शतकात फिलिबेर द लोर्म या फ्रेंच वास्तुकाराने एक तोडगा सुचवला होता, तो जिलीने उचलून धरला. आखूड फळ्या घ्यायच्या, जेमतेम काही फूट लांबीच्या. त्यांची बाहेरची कड कमानीच्या आकारात तासायची. मग फळ्यांचे दोन किंवा तीन थर एकमेकांवर ठेवून खिळ्यांनी जोडायचे, पण असे की एका थरातला सांधा शेजारच्या थरातल्या फळीच्या मधोमध यावा. भिंत बांधताना गवंडी विटांचे सांधे चुकवतो, तसेच. अशी जोडलेली कमान भिंतीवरून उठते आणि वर आढ्यापाशी समोरच्या कमानीला भेटते. मधे आडव्या तुळयांचं जंजाळ नाही, खांब नाहीत. कोठाराचा सगळा माळा मोकळा मिळतो, गवताचे भारे थेट छपरापर्यंत रचता येतात. नाव ठेवायला जागा नाही असं नाही. खिळे आणि मजुरी जास्त लागते, फळ्यांची कड तासताना लाकूड वायाही जातं, आणि पुढे लोखंड स्वस्त झाल्यावर ही पद्धत मागे पडली. पण जिलीने 1797 मध्ये यावर स्वतंत्र पुस्तिका काढून रचना आणि फायदे मांडले, त्यामुळे दूरच्या तालुक्यातल्या सुतारालाही ती वाचून करता आली. बर्लिनच्या राष्ट्रीय रंगभूमीसाठी वास्तुकार लांगहान्सने 1800 च्या सुमारास बांधलेल्या नाट्यगृहालाही असंच छप्पर होतं. मेंढवाड्यापासून नाट्यगृहापर्यंत एकच सांधा.

मातीचंही तसंच. विटा भाजायला जळण लागतं आणि लाकडी चौकटीच्या घराला लाकूड, म्हणून वाळवलेल्या कच्च्या विटांच्या बांधकामाचा त्याने आग्रह धरला. आपल्याकडे ज्यांना भेंडे म्हणतात त्याच या. मातीचं घर म्हणजे गरिबीचा शिक्का, अशी समजूत तिकडेही होती. जिली तिला बधला नाही. नीट पाया, वर रुंद पाखं, पावसापासून आडोसा, एवढं सांभाळलं तर माती टिकते, हे तो लिहून आणि बांधून दाखवत राहिला.

आणि हा माणूस कोरडा हिशेबनीस मुळीच नव्हता. पोट्सडामजवळ हाफेल नदीच्या परिसरात पारेत्स नावाचं खेडं आहे. युवराज फ्रीड्रिख विल्हेल्म आणि त्याची पत्नी लुईझे यांना तिथे उन्हाळ्यात राहायला घर हवं होतं. एका गरीब जमीनदारासाठी बांधताय असंच समजा, असं युवराजाने जिलीला बजावल्याचं सांगतात. 1797 मध्ये त्याने बांधलं ते लांब, बसकं, कुठलाही बडेजाव न मिरवणारं घर. पुढच्या काही वर्षांत त्याने सगळं गावच नव्याने उभं केलं: मजुरांची घरं, कोठारं, लोहाराची भट्टी. राजाचं घर आणि मजुराचं घर एकाच हाताने, एकाच शिस्तीत रेखलेलं आहे, हे त्या गावात कळतं. कोठाराची खिडकी कुठे यावी याचा विचार त्याने राजाच्या दालनाइतकाच मन लावून केलाय. विसाव्या शतकात त्या वाड्याचं रूप पार बिघडवलं गेलं होतं, 1990 नंतर ते पुन्हा सावरलं, आणि आज लोक तिथे राणी लुईझेच्या आठवणी पाहायला जातात. गावाची रचना करणाऱ्याचं नाव कितीजण विचारत असतील, कोण जाणे.

जिलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती लपवून त्याची बाजू घेण्यात मला रस नाही. पोलंडचे लचके तोडून प्रशियाने जो मुलुख घेतला, त्याची मोजणी आणि व्यवस्था करणाऱ्या यंत्रणेचा तो भाग होता. दक्षिण प्रशिया म्हणवल्या गेलेल्या त्या पोलिश भूमीचा सविस्तर नकाशा त्याच्या नावावर आहे. आणि मारिएनबुर्गची गोष्ट. ट्युटॉनिक सरदारांचा, म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा, हा विटांचा प्रचंड किल्ला, आजच्या पोलंडमधला मालबोर्क. 1794 मध्ये जिली तिथे सरकारी पाहणीला गेला. किल्ल्याचा काही उपयोग करता येईल की तो पाडून टाकावा, हे ठरवायचं होतं. खात्याच्या दृष्टीने तो विटांचा साठा होता, फार तर धान्याचं गोदाम. बरोबर त्याचा बावीस वर्षांचा मुलगा फ्रीड्रिख होता. बाप मोजमापं घेत असताना मुलाने कागद काढला आणि त्या महालांच्या उंच कमानी, खांबांवरून पंख्यासारखी पसरणारी छतं रेखाटली. ती चित्रं बर्लिनमध्ये प्रदर्शनात लागली, पुढे छापून पसरली, आणि लोकांना पहिल्यांदाच कळलं की आपण काय पाडायला निघालो होतो. 1804 मध्ये मोडतोड थांबवण्याचा राजाचा हुकूम निघाला. आज तो किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आहे.

या प्रसंगाचा अर्थ अनेकजण असा लावतात, की अधिकारी बाप आंधळा आणि कलावंत मुलगा डोळस. मला हे पटत नाही. मुलाला त्या दौऱ्यावर नेलं कुणी? त्याला बांधकाम शिकवलं कुणी? फ्रीड्रिख जिली सुतार-गवंड्यांच्या कामापासून सगळं शिकला ते बापाच्या हाताखाली. आणि 1799 मध्ये बाउअकादमी निघाली तेव्हा त्याच शाळेत या मुलाला दृष्टिशास्त्र आणि यथादर्शन, म्हणजे वस्तूची खोली आणि अंतर कागदावर दाखवण्याची कला, शिकवायला प्राध्यापक नेमलं गेलं. आयटेलवाइनचं पाण्याचं गणित, थोरल्या जिलीचं कोठारांचं बांधकाम आणि धाकट्या जिलीची चित्रकाराची नजर, तिन्ही एकाच छताखाली आली. अधिकाऱ्याची नजर एकटी असली की तिला किल्ल्यात गोदाम दिसतं, हे खरं. ती एकटी पडू नये म्हणून तर शाळा हवी.

फ्रीड्रिख 1800 मध्ये क्षयाने गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. 1797 मध्ये त्याने फ्रीड्रिख द ग्रेटच्या स्मारकाचा एक भव्य आराखडा मांडला होता, तो कधीच बांधला गेला नाही. पण प्रदर्शनात तो पाहून एका सोळा वर्षांच्या मुलाने वास्तुकार व्हायचं ठरवलं आणि जिलींच्या घरी शिकायला येऊन राहिला. तो मुलगा म्हणजे शिंकेल. मुलाच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 1808 मध्ये, डाव्हिड जिली वारला. तेव्हा बर्लिन नेपोलियनच्या फौजांच्या ताब्यात होतं.

वास्तुकलेच्या इतिहासात ही गोष्ट शिंकेलच्या उदयाची प्रस्तावना म्हणून येते. थोरला जिली त्या प्रस्तावनेतलं एक वाक्य होऊन राहतो. माझी तक्रार इथे आहे. आपण वास्तुकाराला त्याच्या सर्वांत देखण्या इमारतीवरून मोजतो. सरकारी बांधकाम अधिकाऱ्याला हे माप लावलं की तो नेहमीच खुजा ठरणार. त्याला मोजायचं तर त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसांनी काय बांधलं, त्याने लिहून ठेवलेलं वाचून दूरच्या गावातली भिंत सरळ उभी राहिली का, त्याच्या नंतर खात्याचा दर्जा टिकला का, हे विचारावं लागेल. या मापाने जिली अठराव्या शतकातल्या युरोपमधल्या मोठ्यांत मोठ्या बांधकामकारांच्या रांगेत बसतो.

आता पुन्हा त्या कोपऱ्यापाशी येऊ. शिंकेलच्या बाउअकादमीत तळमजल्यावर दुकानं होती, त्यावर शाळा, त्याच्या वर सरकारी बांधकामावर देखरेख करणारं वरिष्ठ खातं, आणि त्याच मजल्यावर शिंकेल स्वतः राहायचा. तिथेच तो 1841 मध्ये वारला. हे नुसतं मजल्यांचं वर्णन नाही. शाळा आणि खातं एका जिन्यावर असणं हीच जिलींच्या पिढीची कल्पना होती. 1800 मध्ये शाळा टांकसाळीच्या नव्या इमारतीत गेली, तिथेही खातं तिच्या सोबत होतं. वर अंदाजपत्रक तपासणारा माणूस खाली येऊन शिकवणार, खाली शिकणारा मुलगा वर जाऊन परीक्षा देणार. शिंकेलने या कल्पनेला विटांचं रूप दिलं, म्हणून ती इमारत एवढी स्वच्छ आणि स्पष्ट झाली.

मग आज नुसती दर्शनी भिंत उभी करून आत प्रदर्शनाची दालनं आणि चर्चासत्रांचे हॉल ठेवायचे असतील, तर तिथे शिंकेलही नसेल आणि जिलीही. विटेला वीट जुळवा म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे: शिंकेलच्या विटकामात ज्ञान आहे, आणि ते ज्ञान पुन्हा हाताने केल्याशिवाय परत मिळत नाही. पण याचा अर्थ ते काम एखाद्या मोठ्या ठेकेदाराला देऊन लवकर उरकून टाकू नये, असा होतो. तो कोपरा उमेदवारांनी बांधला होता. उरलेली इमारतही तशीच बांधली जावी: जर्मनीतल्या नगरपालिकांच्या आणि राज्यांच्या बांधकाम खात्यांत रुजू होणाऱ्या तरुण अभियंत्यांना आणि वास्तुकारांना तिथे काही महिने पाठवावं, त्यांनी गवंड्यांबरोबर उभं राहून काम शिकावं, रोजचा खर्च, चुका, बदल सगळं लिहावं आणि ते छापून सर्वांना मोकळं करावं. दहा वर्षं लागली तर लागू देत. हवामानाची काळजी असलेल्यांनाही इथे काम आहे. कमी जळणात, कमी लाकडात, मातीत कसं बांधायचं हा जिलीचाच प्रश्न आज पुन्हा दारात उभा आहे, आणि त्याची प्रयोगशाळा या जागेहून दुसरीकडे शोधायची गरज नाही.

खर्च वाढेल, वेळ लागेल, हा आक्षेप येणारच. सार्वजनिक बांधकामं रखडतात आणि फुगतात हे दुखणं जर्मनीलाही पुरतं ठाऊक आहे. बर्लिनच्या नव्या विमानतळाला 2011 ऐवजी 2020 उजाडलं. पण ते दुखणं कशाने होतं? कामाचं ज्ञान सल्लागारांकडे गेलं आणि खात्याकडे फक्त निविदा काढायचं आणि सह्या करायचं काम उरलं, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे. समोरचं अंदाजपत्रक खरं की खोटं हे ज्या अधिकाऱ्याला स्वतः कळत नाही, तो कितीही प्रामाणिक असला तरी लाचार असतो. 1770 मध्ये लाम्बेर्टसारख्याला कागद तपासायला बसवलं होतं ते याचसाठी.

हे लिहिताना पुण्याची आठवण येणं अटळ आहे. 1854 मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायला. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. तिथेही शाळेचा जन्म खात्याच्या गरजेतून झाला होता. पुढे शाळा मोठी झाली, तिची कीर्ती वाढली, आणि शाळा व खातं यांतला तो जिना कुठेतरी निखळला. बर्लिनमध्ये तो जिना पुन्हा बांधायची संधी आलेली आहे, जागा मोकळी आहे, पैसा मंजूर आहे.

जुन्या इमारतीचे काही अवशेष 1962 च्या पाडापाडीतून वाचवले गेले होते. त्यांत भाजलेल्या मातीच्या नक्षीने मढवलेलं एक संपूर्ण प्रवेशद्वारही आहे. पुढे ते जवळच्याच एका उपाहारगृहाच्या भिंतीत बसवलं गेलं. ते दार आपल्या जागी परत जाईल तेव्हा त्यातून सकाळी आत शिरणाऱ्यांच्या हातात काय असेल, हे बर्लिनकरांनी आधी ठरवावं. माझ्या मते मोजपट्टी, थापी आणि वही असावी.